अडकलेली नळी, अर्धं वाक्य

२७ डिसेंबर
परत अडकली. मी जेवत होतो. ओतोसान येऊन उभे राहिले, हातात डाय, म्हणजे पोलादाचा साचा, आणि त्यात काडतुसाची रिकामी पितळी नळी. "सेन्सेई, वेळ आहे का?" सासरे मला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात. त्यात आदर किती आणि थट्टा किती, ते लग्नाला एवढी वर्षं झाली तरी कळलेलं नाही. मी विद्यापीठात तासांवर संस्कृत शिकवतो, संधी सोडवतो, समास सोडवतो. तेव्हा अडकलेलं काहीही सोडवणं हे माझंच खातं, असा त्यांनी सोयीस्कर समज करून घेतलाय.

शेडमध्ये सेंदाईच्या थंडीने बोटं वाकेनात. क्रम इथे लिहून ठेवतो, मागच्या वेळी मी वॉशर विसरलो होतो. आधी डाय प्रेसमधून काढायची. मधली दांडी जमेल तितकी वर घ्यायची. नळीच्या बुडाला ड्रिलने सरळ भोक, त्यात आटे पाडायचे. मग बाहेरून जाड वॉशर, त्यातून बोल्ट, आणि पान्याने बेताबेताने आवळत जायचं. बोल्ट नळीला ओढतो, 'टक्' होतं, आणि नळी बाहेर. हातोडी नको. ज्वाला तर मुळीच नको. नंतर डाय आतून पुसून काढायची, नाहीतर पुढची नळी त्याच जागी अडकते.

आणि अडकूच नये म्हणून काय, तर गोळी उडून गेलेली नळी फुगलेली असते, पुन्हा भरायला ती डायमध्ये दाबून मापाला आणण्याआधी तिला वंगणाचा पातळ हात द्यायचा. बस. नाही दिला तर पितळ पोलादाला धरून बसतं, प्रेसचा दांडा मागे ओढला की कड फाटून हातात येते.

संस्कृतात तेलालाही स्नेह म्हणतात आणि मायेलाही. सासरा, जावई, स्नेहाचा अभाव. विनोद इतका आयता समोर येऊन पडला की उचलायची लाज वाटली.

(रायफल आणि बंदुकीची दारू कुलपात. त्यांना माझा हात लागला तर गुन्हा. रिकामी नळी मात्र कायद्याच्या दृष्टीने फुलदाणी.)

३० डिसेंबर
कु.ला फ्रीजरमध्ये डाय सापडली. एदामामेच्या शेंगांच्या पिशवीखाली, इस्त्रीच्या रुमालात गुंडाळून. (कु. म्हणजे कुमिको, माझी बायको. लग्नपत्रिकेवर 'कु. कुमिको' छापलं होतं, तेव्हापासून.)

"हे काय आहे?" मराठीत विचारलं. पुण्यात शिकून गेलेली असल्यामुळे तिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे, आणि वडिलांना कळू नये असं काही असलं की ती मराठीतच बोलते. म्हणजे भांडण.

ओतोसानना विचारलं. म्हणाले, पितळ पोलादापेक्षा जास्त आकसतं. रात्रभर गारठवलं तर कधीकधी नळी आपोआप सुटते, तुला बोलवायला नको. बरोबरच आहे. मला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, मला बोलवायला नको याचं.

२ जानेवारी
ताकेशी आला, बायकोसह, लांब उरायासुहून. कु.चा धाकटा भाऊ. वर्षातून एकदा येतो आणि वडिलांना 'प्रकृती सांभाळा' सांगून जातो, दवाखान्यातल्या पाटीसारखा.

कोतात्सुभोवती, म्हणजे गरम टेबलाच्या रजईत पाय घालून, सगळे. मी फ्रीजरची गोष्ट सांगितली. रंगवून. रुमाल, एदामामे, कु.चा चेहरा, सगळं. पितळ आकसतं तो भाग गाळला, त्याने मजा जाते. पुण्याच्या मासिकाचे संपादक म्हणतात तुमचं जपानचं पत्र म्हणजे हसून पुरेवाट. तो हात इथेही चालला. सगळे हसले. ओतोसानही हसले, तोंडावर हात घेऊन, बायका हसतात तसे.

मग ताकेशीने हसत हसतच विचारलं, "कधीपासून?"

म्हणजे, असं भ्रमिष्टासारखं कधीपासून. मी घाईघाईने आकसण्याचं शास्त्र सांगायला लागलो. "हो हो," ताकेशी म्हणाला, लहान मुलाला म्हणतात तसं.

७ जानेवारी
काल कु. बोलायला बसली. ओतोसान अंघोळीला गेल्यावर. मराठीत.

वसंतात रायफलच्या परवान्याचं नूतनीकरण. या वयात आधी स्मरणशक्तीची चाचणी. शिवाय पोलीस घरी येऊन घरच्यांना विचारणार, काही फरक जाणवतो का.

"तू काय सांगणार?" मी.

"तेच तुला विचारते आहे. शेडमध्ये तू असतोस."

"नळ्या अडकतात. कोणाच्याही अडकतात."

"इतक्या? चाळीस वर्षं नाही अडकल्या त्या?" मग हळू आवाजात, "जो माणूस तेल लावायला विसरतो, तो दारू दोनदा ओतणार नाही हे मला कोण सांगेल? तू सांगशील? रायफल तोंडापाशी धरतात ते."

दुप्पट दारू पडली तर काय होतं ते ओतोसाननीच एकदा फाटलेली नळी दाखवून सांगितलं होतं, दुसऱ्या कोणाची तरी.

पण रायफल गेली तर उरलं काय त्या माणसाकडे? सासूबाई गेल्यावर ते दोन ठिकाणीच नीट बोलतात. डोंगरावर, आणि शेडमध्ये. डुक्कर शेतात शिरलं की अजून वाडीवरून यांनाच फोन. (ज्या वराहाची स्तुती मी पाठशाळेत घोकली, त्याच्यावर हे नेम धरतात. घरात दोघांचंही चालतं.)

१९ जानेवारी
चाचणी पार. घड्याळ काढायला सांगितलं, काढलं. चित्रं ओळखायला सांगितली, ओळखली. ओतोसान घरी येऊन म्हणाले, "ससा वाईट काढला होता. कान बघता मांजरही असेल." कु. हसली नाही.

रात्री ताकेशीचा फोन. कु. फक्त हं हं करत होती. शेवटी ठेवताना मला म्हणाली, "म्हणतो चाचणीत सगळं येत नाही. घरच्यांनाच कळतं." घरचे म्हणजे मी. हा बसलाय उरायासुत.

२८ जानेवारी
परत. या वेळी मी विचारलंच.

"ओतोसान, तेल लावलं होतं ना?"

"लावलं."

"सगळीकडून?"

"लावलं, सेन्सेई." आणि ड्रिल माझ्या हातात दिलं.

विश्वास नाही बसला. ड्रिल चालवताना मनात सारखं कु.चं वाक्य.

कु. रात्री कचरा ठेवायला गेली तर शेडमधला हीटर चालूच. शेडमध्ये कोणी नाही. दारूचं कपाट त्याच भिंतीला. बंद करून आली, मला एवढंच सांगितलं.

दुपारी गाडीतून येताना ओतोसाननी ताकेशी कधी येणार ते दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं. कु.ला नाही सांगितलं.

५ फेब्रुवारी
पोलीस येऊन गेले. ओकादा-सान. परवाने बघणाऱ्या खात्यातले, तरुण, बूट काढून अगदी नीट लावणारे. आधी कपाटं बघितली, कुलपं बघितली, ओतोसानशी बोलले. मग म्हणाले घरच्यांशी दोन शब्द. ओतोसान स्वतःहून उठून शेडमध्ये गेले.

कु. चहा आणायला गेली. तिने जायला नको होतं. पण गेली.

"अलीकडे वडिलांमध्ये काही बदल?"

मला म्हणायचं होतं, जरा हट्टी झालेत, पण हात अजून स्थिर आहे आणि माणूस पूर्ण शुद्धीवर आहे. त्यातला 'जरा' आधी आला. "चोत्तो..." म्हणालो, आणि 'हट्टी'साठी बापाला शोभेल असा सभ्य जपानी शब्द शोधत थांबलो.

ओकादा-साननी मान खाली घातली. "समजलं. घरच्यांना अवघड जातं." लिहायला लागले.

चहा आला. माझं विशेषण मग सापडलं. तोवर ते ताकेशीचा फोन नंबर विचारत होते.

६ फेब्रुवारी
आम्हाला शिकवलेलं, मी आजही शिकवतो: ज्या पदाला दुसऱ्या पदाची आकांक्षा उरलीय, ते वाक्य नाही. 'जरा' म्हटलं की ऐकणारा पुढच्या शब्दासाठी ताटकळायला हवा. जरा काय? पुण्यात कोणीही विचारलं असतं, जरा काय, बोला की.

इथे 'चोत्तो' म्हणून थांबलं की वाक्य संपलं. तेच संपूर्ण वाक्य. नको, जमणार नाही, विचारू नका, वाईट आहे, सगळं त्यात. भाजीवालीपासून विभागप्रमुखापर्यंत मला सगळ्यांनी त्या एका शब्दाने नाही म्हटलेलं आहे. मला हे माहीत नाही असं मी म्हणू शकत नाही.

मग खरंच विशेषण शोधत होतो का?

कु.ला सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे." बस, एवढंच. सुटल्यासारखा चेहरा.

११ फेब्रुवारी
मिलिंदला भेटलो, विद्यापीठाच्या कँटीनमध्ये. धातूंचा माणूस. आम्ही दोघंच इथले जुने मराठी, तो मला पंडित म्हणतो, मी त्याला लोहार.

टेबलावर किल्ल्या काढल्या तर किल्लीला अडकवलेली नळी त्याने उचलली. ओतोसाननी दिलेली, यंदाचीच, डायमधून सुखरूप बाहेर आलेली.

"काय रे पंडित, सासऱ्याची का? यांना सांग की तेल कमी लावा."

"कमी? विसरतात म्हणून तर सगळं..."

"विसरतात? हे बघ." चमच्याच्या टोकाने दाखवलं. नळी जिथे निमुळती होते तिथे, खांद्यावर, बारीक खळगे. "कोरडी गेली असती तर अंगावर उभे ओरखडे आले असते. हे खळगे म्हणजे तेल साचलं, त्याला जायला जागा नाही, मग पितळच दबलं. चांगलं थापलेलं आहे. आणि काहीतरी भलतंच थापलेलं आहे, बरं का. नीट वंगण असतं तर अडकली नसती. What is he using?"

"माहीत नाही."

"मग महिनाभर काय सोडवत होतास, समास?"

हसलो. किल्ल्या उचलल्या.

१२ फेब्रुवारी
ओतोसान वाडीवर गेलेले. शेडमध्ये गेलो. शोधावं लागलंच नाही, समोरच होतं, प्रेसच्या मागे. निळी बाटली. खोबरेल तेल. हिगाशी-कसाई नावाच्या भागातल्या भारतीय दुकानातून मीच आणलेलं.

सप्टेंबरात त्यांच्या हाताला भेगा पडल्या होत्या म्हणून दिली. त्यांनी विचारलं होतं, हे फक्त हातांना का? मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, आमच्याकडे सगळ्याला हेच.

बाटली उलटी केली. थिजलेलं. तोंड कापून रुंद केलेलं, आत चमच्याच्या खुणा. शेजारी त्यांचा नेहमीचा मेणाचा डबा, अर्ध्याहून जास्त भरलेला, झाकणावर धूळ.

संध्याकाळी विचारलं.

"ओतोसान, हे तेल नळ्यांना का?"

"सेन्सेईने दिलं ना. वास चांगला आहे."

"पण यानेच अडकत होत्या!"

"उन्हाळ्याच्या शेवटी बरं चाललं. थंडीत घट्ट झालं. हीटरजवळ ठेवलं की पातळ होतं."

हीटर.

"मग तुमचं मेण का नाही वापरलंत? मला सांगायचं तरी."

ते नळी पुसत राहिले. "दिलेलं होतं," म्हणाले. म्हणजे दिलेली वस्तू बाजूला ठेवणं बरं दिसत नाही, आणि देणाऱ्याला तिचा दोष सांगणं तर त्याहून नाही. चाळीस वर्षांचा अनुभव गुंडाळून ठेवला आणि माझं तेल थापत बसले, कारण जावयाने आणलं. वर कड फाटली की मलाच बोलावलं, आणि मी त्यांना विचारलं, लावलं होतं ना?

मग त्यांनी विचारलं, "ओकादा-सानना काय म्हणालास?"

सांगितलं. त्या एका शब्दासकट, आणि थांबलो त्यासकट.

"हं," म्हणाले. नळी डब्यात ठेवली, पुढची घेतली.

१३ फेब्रुवारी
कु.ला सगळं सांगितलं. तेल, खळगे, मेणाचा डबा. ती भांडी पुसत होती.

"आणि हीटर?"

"तेल पातळ राहावं म्हणून."

"दारूच्या कपाटाशेजारी. रात्री. कोणी नसताना." ताट खाली ठेवलं. "तुझं स्पष्टीकरण ऐकून मला बरं वाटायला हवं का?"

"ते विसरत नाहीत, कुमिको. मुद्दा तोच होता ना?"

"मुद्दा तो नव्हता. मुद्दा, ते मरतील हा होता."

"मी उद्या ओकादा-सानना फोन करतो."

"कशाला? तू चुकून खरं बोललास. आता मुद्दाम खोटं बोलू नकोस."

"खरं कसं? विसरतात असं तू समजत होतीस, आणि..."

"ताकेशी कधी येणार हे ते मला रोज विचारतात," ती म्हणाली. "तुला नाही विचारत?"

मी ताट उचलून पुसायला घेतलं. ती माझ्याकडे बघत राहिली. कळलं तिला.

१६ फेब्रुवारी
फोन केला. दोन दिवस वाक्यं जुळवत होतो, विद्यार्थ्यांना तपासायला देतो तशी लिहून. खोबरेल तेल थंडीत घट्ट होतं, चूक माझी आहे, सासऱ्यांची नाही, त्या दिवशी माझं वाक्य अपुरं राहिलं. व्याकरण निर्दोष. कर्ता, कर्म, क्रियापद, काही सोडलं नाही.

ओकादा-साननी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "वडिलांविषयीच्या आपल्या भावना पोचल्या."

भावना. मी वंगणाबद्दल बोलत होतो.

"कृपया हे लिहून घ्याल का?"

"नक्की. तरीही खबरदारी म्हणून डॉक्टरांचा दाखला मागवला आहे. डॉक्टर घरच्यांनाही विचारतील. तिथे अवश्य सांगा." आणि थंडीत काळजी घ्या, वगैरे.

थोडक्यात, माझं अर्धं वाक्य लगेच पोचलं. पुरं वाक्य पोचायला दाखला लागतो.

१८ फेब्रुवारी
संपादकांचा मेल. मार्चच्या पत्रात फुलांबद्दल लिहा, लोक वाट बघतात. आणि ते तुमच्या सासरेबुवांचं काहीतरी गमतीदार. मेल बंद केला.

२१ फेब्रुवारी
ओतोसाननी डाय पूर्ण उघडून धुतली. खोबरेलाचा एकेक थर. शेडभर आमच्या आजोळच्या न्हाणीघराचा वास, सेंदाईच्या बर्फात. मग मेणाचा डबा काढला, धूळ फुंकली. दोन बोटांवर नखाएवढं मेण, नळी फिरवली, खांदा सोडून फक्त अंगाला. मानेच्या आत बारीक कुंचल्याने जरासं. पुसून बघितलं, दिसत नाही इतकं. दांडा खाली. दांडा वर. नळी बाहेर आली, आवाज नाही.

मग दुसरी. तिसरी. एकही अडकली नाही. एवढ्या सफाईने चालत होता हात की बघत राहावं. मी उभाच होतो पान्यासकट.

"आज काही काम नाही, सेन्सेई," म्हणाले. रागाने नाही. रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

निघताना मी म्हटलं, "डॉक्टरांना मी सगळं समजावून सांगेन. तेलाचं."

त्यांनी मेणाच्या डब्याचं झाकण लावलं.

जेवताना विचारलं त्यांनी, ताकेशी कधी येणार. कु. आणि मी दोघांनी एकदमच उत्तर दिलं.

२६ फेब्रुवारी
हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीत. पेन्सिलने.

सकाळी ओतोसान कोट-टाय घालून तयार. शिकारी संघाच्या वार्षिक जेवणाला घालतात तो कोट. मी कागदावर मुद्दे काढले होते, जपानीत, वरून खाली क्रमाने. नळीही घेतली होती, खळगे दाखवायला. कु. मागे बसली. सुट्टी काढून आली आहे, परवान्याच्या विरोधात बोलायला. तसं तिने काल वडिलांना तोंडावर सांगितलं, जपानीत: बाबा, मी नको म्हणणार आहे. ते म्हणाले, बरं.

गाडी लावली. मी पट्टा सोडला तर ओतोसाननी माझ्या मनगटावर हात ठेवला. खरखरीत, भेगांचा.

"तू बस इथे. आत कुमिको येईल."

"ओतोसान, पण ती तर..."

"ती नको म्हणेल. मग मी हो म्हणेन. डॉक्टर काय ते ठरवतील." दार उघडलं, पाय बाहेर ठेवले, मग परत वळले. "तिचं मला ऐकू येतं, सेन्सेई. तुझ्या बोलण्याचा मला अंदाज करावा लागतो."

मी कागद पुढे केला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, मान लववली, न वाचता घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. दिलेलं होतं.

कु. त्यांच्या मागून निघाली. बर्फ मीठ टाकून वितळवलेलं, तरी तिने त्यांच्या कोपराशी हात धरला आणि त्यांनी तो काढला नाही. दारापाशी तिने त्यांना थांबवलं, एकटी परत गाडीपर्यंत आली. काच खाली केली मी.

"तेलाचं सांगू?" मराठीत.

ओतोसान दारात उभे होते, आमच्याकडे न बघता, पाहुण्यांनी थांबावं तसे.

"सांग," मी म्हटलं.

"सांगीन असं नाही," ती म्हणाली. "फक्त विचारलं."